शून्य पूर्णांक तीन मायक्रॉनची दाढी

सासरेबुवांचा धारेचा दगड काटेकोरांच्या हातून पडला आणि फुटला. सकाळी सव्वासातला, न्हाणीघरात. सासरेबुवा वाकले, दोन मोठे आणि पाच लहान तुकडे गोळा करून टॉवेलवर मांडले आणि म्हणाले, "असो."

हा 'असो' फार वाईट. त्यापेक्षा शिवी परवडली.

'काटेकोर' हे काही आडनाव नव्हे. गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासणं हा पंचवीस वर्षांचा धंदा. एकदा त्यांनी स्वतःच्या बायकोचा स्वयंपाकघरातला काटा चार ग्रॅमने खोटा निघाला म्हणून सील केला होता. तेव्हापासून आधी कचेरीत आणि मग अख्ख्या इमारतीत त्यांना हेच नाव पडलं. ती थट्टा आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

"बाबा, मी नवा दगड आणतो," काटेकोर म्हणाले.

"तसा मिळत नाही आता. माझ्या वडिलांचा होता."

"मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे..."

"साठ वर्षांत माझ्या गळ्याला परक्याचा वस्तरा लागलेला नाही, जावईबापू. आता शेवटी शेवटी कशाला ती हौस? वस्तऱ्याला धार लागेल तेव्हा दाढी होईल. नाही लागली तर नाही होणार."

एवढं बोलून त्यांनी वस्तरा मिटला, डबीत ठेवला आणि पेपर वाचायला बसले. आता इथे शहाण्या माणसाने मान खाली घालून चहा घेतला असता. पण काटेकोरांच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पंधरा दिवसांत याच वस्तऱ्याला तुमच्या दगडापेक्षा चोख धार लावून देतो. शब्द आहे माझा."

"तुम्हाला कोणी मागितला होता का शब्द?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. ती शाळेत गणित शिकवते. तिचे प्रश्न नेहमी असेच, एका ओळीत उत्तर द्यायचे.

खात्याच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. प्रमाण मापांच्या कडा घासून लखलखीत करणं हे त्यांचं काम. काटेकोरांनी त्यांना गाठलं. बाईंनी ड्रॉवर उघडून रंगीत कागदांसारखे काही ताव काढले. पिवळा, निळा, गुलाबी, हिरवा, पांढरा.

"ही घासायची फिल्म. प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि त्याच्यावर बसवलेले कण. प्रत्येक तावावरचे कण एकाच मापाचे. बारा मायक्रॉन, नऊ, तीन, एक. हा पांढरा बघा, शून्य पूर्णांक तीन. सपाट काचेवर पाणी टाकून चिकटवायची आणि वर पातं फिरवायचं. दगडाची गरजच नाही."

काटेकोरांनी पांढरा ताव उलटून बघितला. धारेच्या दगडाचा स्वभाव ओळखायला माणसाचा जन्म जातो म्हणतात. इथे स्वभावाचा प्रश्नच नव्हता. तावाच्या मागे चक्क माप छापलेलं होतं! आपण याच वस्तूसाठी जन्माला आलो असं त्यांना वाटलं.

"न्या की दोन-चार तुकडे," बाई म्हणाल्या.

"सरकारी माल," काटेकोर म्हणाले आणि मागे सरकले, जणू बाईंनी त्यांना लाच देऊ केली होती. त्यांनी पत्ता लिहून घेतला आणि टपालाने पाच ताव मागवले.

पाकीट सहाव्या दिवशी आलं, पण घरी आलं नाही. आली ती पोस्टाची चिठ्ठी, 'समक्ष येऊन खुलासा करावा.' खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हातात धरून उजेडात बघितलं.

"फिल्म आहे म्हणे आत."

"हो."

"कोणती?"

"घासायची."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, इथे बायकामाणसं उभी आहेत. नीट सांगा. नाव काय फिल्मचं? लांबी किती? फॉर्मात मिनिटं लिहावी लागतात."

"अहो, लांबी अकरा इंच आहे!"

रांगेत मागे कोणीतरी खुदकन हसलं. काटेकोरांनी मायक्रॉन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माणसाच्या केसाची जाडी किती, आणि त्याच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाएवढे कण तावावर कसे बसवलेले असतात, तेही सांगितलं. रांग लांबत गेली. शेवटी कारकुनाने फॉर्मात 'प्रकार : शैक्षणिक, लांबी : अत्यल्प' असं लिहिलं आणि पाकीट सरकवलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना खुलासे विचारणाऱ्या माणसाची अशी भर दुपारी बिनपाण्याने झाली.

घरी आल्यावर काचेचा प्रश्न निघाला. काच सपाट हवी. काटेकोरांनी पोलादी पट्टी घेऊन घरातली एकूण एक काच तपासली. जेवणाच्या टेबलाची काच मधे झोळ खाते, खिडक्यांच्या काचा तर नाव घेऊ नयेत, आरसाही थोडा बाकदार (त्यात आपण बारीक का दिसतो याचा त्यांना उलगडा झाला, पण तो त्यांनी बायकोला सांगितला नाही). निर्दोष काच घरात एकच निघाली, दिवाणखान्यातल्या शोकेसची मधली फळी. त्यावरचे काचेचे हंस, बायकोच्या शाळेने दिलेली ढाल आणि एक घड्याळ सोफ्यावर हलवण्यात आलं. पुढचे आठ दिवस त्या सोफ्यावर माणसाला बसता आलं नाही.

पहिल्या दिवशी काटेकोरांनी काचेवर पाणी टाकलं, बारा मायक्रॉनचा पिवळा ताव चिकटवला, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवली आणि धार पुढे ठेवून पातं सरकवलं. तिसऱ्याच फेरीला टर्र असा आवाज झाला. तावाखाली हवेचा एक फुगा राहिला होता. पात्याने तो बरोबर पकडला आणि ताव या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरला.

"म्हणजे धार लागली की काय?" सासरेबुवांनी पेपराआडून विचारलं.

"ती आधीचीच आहे, बाबा."

"अस्सं."

बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर राहतात. इमारतीच्या समितीचे सचिवही तेच. ते आधी प्रोफेसर म्हणून आले. "पोलाद थकलंय हो तुमचं. त्याला विश्रांती द्या. महिनाभर उत्तरेकडे तोंड करून ठेवा." दोन तासांनी तेच परत आले, ते सचिव म्हणून. हातात कागद होता. 'राहत्या सदनिकेत धार लावण्याचा उद्योग सुरू असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. तरी ना-हरकत पत्र घ्यावे.'

"निदर्शनास कोणी आणलं?" काटेकोरांनी विचारलं.

"मीच. सकाळी आलो होतो ना."

काटेकोरांनी अर्ज केला. ना-हरकत पत्रावर 'फक्त एक वस्तरा' अशी अट घालून सही मिळाली.

काटेकोर जिद्दीला पेटले. रोज कचेरीतून आले की बाह्या सरसावून काचेपुढे बसायचे. बारा मायक्रॉनच्या उरलेल्या अर्ध्या तावावर पन्नास फेऱ्या, नऊवर पन्नास, तीनवर शंभर. सगळं वहीत लिहून. धार लागली की नाही हे बघायला डाव्या हातावरचे केस कापून बघायचे. केस कापले जायचे, पण उपटल्यासारखे. तीन-चार दिवसांत त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला आणि उजवा होता तसाच राहिला. कचेरीत शिपायाने हळूच विचारलं, "साहेब, औषध चालू आहे का काही?" त्या दिवसापासून काटेकोर भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले.

मग त्यांनी स्वतःच्या गालावर प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी ते एका धान्याच्या दुकानात तराजू तपासायला गेले ते गालावर कागदाचे चार कपटे चिकटवून. दुकानदाराने मुकाट्याने वजनं पुढे केली. काटेकोरांनी तपासून शिक्का मारला. निघताना दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, घरोघरी मातीच्या चुली. मनाला लावून घेऊ नका."

घरी येऊन त्यांनी भिंगातून पातं पाहिलं. ती धार नव्हती, करवत होती.

इकडे सासरेबुवांची दाढी जोमाने वाढत होती. ती पांढरीशुभ्र आणि दाट निघेल अशी कोणाचीच कल्पना नव्हती. जिन्यात भेटणारी माणसं त्यांच्याशी आदराने बोलू लागली. तळमजल्यावरच्या एका बाईंनी मुलीचं लग्न कधी जमेल असंही विचारलं. सासरेबुवा म्हणाले, "जमेल," आणि चार दिवसांत ते जमलंही. मग तर काय बोलायलाच नको!

हे असंच चाललं असतं; पण बाराव्या दिवशी सासरेबुवांना हयातीचा दाखला द्यायला पेन्शन कचेरीत जावं लागलं. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा समक्ष जाऊन दाखवायचं, एवढाच मामला. काटेकोर सोबत होते. खिडकीतल्या बाईंनी नोंदवहीतला फोटो पाहिला, मग समोर पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"हे ते नाहीत."

"तेच आहेत. दाढी वाढलीय."

"फोटोत दाढी नाही."

"अहो, मी यांचा जावई. मी सांगतो ना!"

"जावयाचा पुरावा चालत नाही."

"ते स्वतः उभे आहेत तुमच्यासमोर! विचारा त्यांना."

"कोणीतरी उभं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "दाढीसकट नवा फोटो लावायचा असेल तर नमुना सोळा भरा. दोन महिने लागतील."

"आणि दोन महिने हे कोण?"

"प्रलंबित."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खिडकीतून वाकून सासरेबुवांना म्हटलं, "आजोबा, शुक्रवार शेवटची तारीख आहे. दाढी करून या की. दोन मिनिटांचं काम."

सासरेबुवांनी काटेकोरांकडे पाहिलं. त्या नजरेने त्यांनी जावयाला असं धारेवर धरलं की त्याच्या निम्मी धार वस्तऱ्याला लागली असती तर काम झालं असतं. रस्त्याने घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले. "ऐंशी वर्षं जगलो, आणि प्रलंबित."

बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "पुरे झालं तुमचं! बाबा, चला न्हाव्याकडे."

"नाही," सासरेबुवा म्हणाले.

"नाही," काटेकोरही म्हणाले. त्यांना त्या म्हाताऱ्याच्या हट्टाचं नवल वाटलं नाही. आपलाच हट्ट पांढरी दाढी लावून समोर बसलाय असं वाटलं. "शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सकाळपासून काचेपुढे बसले. बायकोने शिवायला काढून ठेवलेलं कापड न्यायला समोरच्या शिंपीणबाई आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"तुम्ही दाबताय," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"ऐकू येतंय ना. खर्र खर्र. माझ्या कात्रीला धार लावणारा नवशिका असला की असाच आवाज येतो. दाबलं की धार दुमडते, मग तुटते. कागद आपलं काम करतोय हो, त्याला करू द्या. तुम्ही नुसतं पातं वाहून न्या. वजन काढा त्याच्यावरचं."

वजनमापे निरीक्षकाला एका शिंपीणबाईने वजन काढायला सांगावं! पण काटेकोर अडले होते, आणि अडलेला माणूस ऐकतो. त्यांनी मूठ सोडली. दोन बोटं आणि अंगठा, बस. नऊ मायक्रॉनवर पुन्हा सुरुवात केली. खर्र थांबलं. मग नुसतं सरसर, रेशमी कापड ओढल्यासारखं. शिंपीणबाईंनी मान डोलावली आणि कापड घेऊन गेल्या.

तीन मायक्रॉनवर पातं पाण्याला ओढून घेऊ लागलं. एकवर त्याच्यात खिडकीतलं आभाळ दिसू लागलं. शेवटी पांढरा ताव. त्यावरून पातं फिरवताना हाताला काहीच लागत नव्हतं, आणि काटेकोरांनी त्या दिवशी फेऱ्या मोजल्या नाहीत. मग चामड्याचा पट्टा खिळ्याला अडकवून त्यावर पातं पाठीकडून मागे-पुढे ओढलं. डोक्यावरचा एक केस उपटला (तिथेही फार शिल्लक नव्हते), तो चिमटीत धरला आणि पात्याला टेकवला. केसाचे दोन झाले. आवाज नाही, ओढ नाही. केसाने गळा कापतात हे त्यांनी ऐकलं होतं. इथे केसाचाच गळा कापला गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"बाबा!" काटेकोर ओरडले. आवाज जरा फाटला.

सासरेबुवांनी वस्तरा हातात घेतला. पात्यावर अंगठा आडवा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या लवकर खाली आल्या नाहीत. ते न्हाणीघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

पंधरा मिनिटांनी बाहेर आले. दाढी तशीच.

"पाणी गार होतं."

पाणी तापवून दिलं. पुन्हा दार लागलं, पुन्हा उघडलं. "उजेड नाही आत." काटेकोरांनी मोठा दिवा लावला. तिसऱ्यांदा ते बाहेर आले ते साबणाचा फेस गालावर सुकलेला, आणि कारण न सांगता खुर्चीवर बसले. काटेकोरांनी त्यांना चहा दिला. कप घेताना बशी वाजली. वाजत राहिली. काटेकोरांना एकदम आठवलं की गेले कित्येक महिने सासरेबुवा कोणी समोर नसतानाच चहा पितात.

त्यांनी बशी हातातून काढून खाली ठेवली आणि शेजारी बसले.

"केव्हापासून, बाबा?"

"वर्ष झालं असेल." सासरेबुवा भिंतीकडे बघत म्हणाले. "रोज सकाळी वाटायचं, आज कापणार. दोनदा कापलंही, तुम्हाला कळू दिलं नाही. दगड फुटला ना, तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं. म्हटलं, आता जावयाच्या डोक्यावर खापर. हा काही धार लावत नाही." ते थांबले. "तुम्ही हो लावून बसलात."

काटेकोरांना हसावं की रागवावं कळेना. आठ दिवस, पाच ताव, एका हाताचे सगळे केस, चार कपटे. पण तेवढ्यात त्यांनी सासरेबुवांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

"परक्याचा वस्तरा नको म्हणालात तुम्ही," काटेकोर म्हणाले. "जावई परका असतो का?"

सासरेबुवांनी दाढीवर सुकलेला फेस बोटाने काढला. "ते तुम्हाला दाढी करता येते का, त्याच्यावर आहे."

दुपारी काटेकोर कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. न्हाव्याने सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातली फुग्यांची पिशवी काढली. "आम्ही फुग्यावर शिकलो, साहेब. फुगवायचा, फेस लावायचा आणि फुटू न देता फेस काढायचा. कातडी ताणायची दुसऱ्या हाताने, आणि पातं असं तिरपं. उभं धरलं की गेला." काटेकोरांनी दोन डझन फुगे आणले. पहिले नऊ फुटले. प्रत्येक धमाक्याला वरून सचिवांच्या खुर्चीचा आवाज यायचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लागोपाठ सात फुगे सुखरूप निघाले. बायकोने आठवा फुगा स्वतः तपासला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "पास."

शुक्रवारी सकाळी ती शाळेत गेली. काटेकोरांनी खिडकीपाशी खुर्ची मांडली, सासरेबुवांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, दाढी आधी कात्रीने बारीक केली, गरम फडक्याने गाल मऊ केले आणि फेस लावला. वस्तरा उघडला.

"बोलत राहा काहीतरी," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटते. मी तर आता तोंड उघडू शकत नाही."

लग्नानंतरच्या बावीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. या घरात सासरेबुवा बोलत आणि जावई 'हो बाबा' म्हणे. पहिल्या फेरीला पातं कानशिलापासून खाली आलं आणि मागे गुलाबी, स्वच्छ कातडी राहिली. दुसरी फेरी झाली. आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं नाही, ते भलतंच बोलू लागले. गेल्या वर्षी बढतीची यादी लागली आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस वर गेला. घरी येताना ते दोन थांबे आधी उतरून चालत आले होते, चेहरा सावरायला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. हनुवटीखाली पातं वळवताना ते साहेबांच्या केबिनमध्ये स्वतः जाऊन काय म्हणाले हे सांगू लागले, आणि तिथेच गळ्याची शेवटची फेरी आली. गळ्यावर ते गप्प झाले. श्वासही धरला. पातं सरकलं, फेस निघाला, आणि टॉवेलवर रक्ताचा एक ठिपका नव्हता.

सासरेबुवांचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. त्यांनी गालावरून तळहात फिरवला, वर, खाली, परत वर.

पेन्शन कचेरीत बाईंनी फोटो पाहिला, समोर पाहिलं आणि शिक्का उचलला. "हं, हे ते," त्या म्हणाल्या. "काय चकचकीत केलीत हो आजोबा! कोणाकडे करता?"

"घरचाच माणूस आहे," सासरेबुवा म्हणाले.

हयात ठरल्यावर दोघे बाहेर आले. बसमध्ये खिडकीची जागा सासरेबुवांना मिळाली, काटेकोर शेजारी. तीन थांबे गेले तरी सासरेबुवांचा हात गालावरच होता. चौथ्या थांब्यावर ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "कचेरीला तुम्ही किती वाजता निघता?"

"नऊला, बाबा."

"मग उद्या सव्वाआठला बसू. ती शाळेत गेली की." आणि बस सुटल्यावर जरा खाली आवाजात, "साहेबाला काय म्हणालात ते अर्धंच राहिलं."